चिमणीची ओ

माझी थोरली मुलगी कोकिळा सव्वा महिन्याची होती, त्या सालची ही गोष्ट. सन एकोणीसशे पन्नास. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुसरा दिवस. बुऱ्हाणपूर, तापीचं पात्र, दुपारी दीडचा सुमार.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. डोक्यावर वैशाखाचं ऊन होतं.

मी हे कुणाकडून ऐकलेलं सांगत नाही. माझ्या कानांनी ऐकलं, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि जिच्यात सगळा दोष आपलाच आहे अशी गोष्ट कोणी बनवून सांगत नाही.

माझं नाव उखर्डू. माझ्या आधीची तीन भावंडं जगली नाहीत, म्हणून आईने मला उकिरड्यावर ठेवून उचललं आणि हे नाव दिलं. वयाची पासष्टी उलटल्यावर मी अक्षरं शिकलो. म्हणून हे लिहायला इतका उशीर झाला, असं मी लोकांना सांगतो.

ते अर्धं खरं आहे. अर्धं कारण लाज आहे.

त्या काळी मी बुऱ्हाणपूरच्या लालबागेत सुकलालशेठच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मिस्त्री होतो. शेठजींची मोटारही मीच चालवायचो. मोठी, जड, काळी गाडी. तिला आम्ही हत्तीण म्हणायचो.

शेठजींना जुन्या गाड्यांचं वेड होतं. त्यांच्यासारखे गावात आणखी सहा जण होते. राजेलोकांची संस्थानं नुकतीच देशात विलीन झाली होती. त्यांच्या गॅरेजमधल्या वीस-पंचवीस वर्षांच्या गाड्या भंगाराच्या भावाने निघत होत्या. ही मंडळी त्या आणायची, महिनोन्महिने त्यांच्यामागे लागायची आणि चालती करायची. गावातले लोक हसायचे. म्हणायचे, "चला, म्हाताऱ्यांची वरात निघाली."

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सातही गाड्या जिनिंगच्या आवारात जमायच्या. नारळ फुटायचा. मग गावातून राजघाट, तिथून खाली पात्रात उतरून जैनाबादच्या आमराईत. उन्हाळ्यात नदी आटली की पात्रातूनच वाट पडायची. थोडी वाळू, थोडे गोटे, मधे पाण्याची एक उथळ धार. आमराईत वरण-बट्टी, वांग्याची भाजी, पत्ते. आणि परत.

मंडळींचा एक नेम होता. तो मी नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

नदी ओलांडून पहिली गाडी काठावर चढली की ती भोंगा वाजवायची. ती हाक. मग मागच्या गाड्यांनी एकेक करून भोंग्याने ओ द्यायची. शेवटच्या गाडीचा आवाज पहिल्या गाडीपर्यंत पोहोचत नसे. म्हणून शेवटची ओ ऐकली की तिच्या पुढच्या गाडीने दोनदा भोंगा दाबायचा.

दोनदा म्हणजे, सगळे आहेत. चला.

दोनदा वाजला नाही, तर सगळ्यांनी मागे फिरायचं. जुन्या गाड्या. कुठे बंद पडतील, सांगता येत नाही. कोणी एकटा मागे राहता कामा नये.

शेवटची गाडी नेहमी दिगंबर मास्तरांची असायची.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाले होते. पत्नी गेलेली. घरी एकच मुलगी, सुनंदाताई. तीही कन्याशाळेत शिकवायची. मास्तरांनी एका संस्थानाच्या गॅरेजमधून एक छोटी ऑस्टिन आणली होती. दोन माणसांची, टप नसलेली.

"आणली तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या," सुनंदाताई सांगायच्या. "अण्णांना म्हटलं, गाडी राहू द्या, कोंबड्या तरी घेऊन या."

दोन वर्षं मी आणि मास्तर त्या गाडीमागे होतो. संध्याकाळी काम सुटलं की मी त्यांच्या अंगणात. शेवटी ती चालली. एवढीशी गाडी, बारीक आवाजाचा भोंगा. पीं... पीं... तिचं नाव पडलं चिमणी.

मास्तरांना माझ्या शिकण्याची फार हौस. गाडीच्या बॉनेटवर धूळ बसलेली असायची. तिच्यावर बोटाने अक्षर काढायचे.

"हे बघ उखर्डू, हे तुझं नाव. बघ तरी."

मी फडकं मारून पुसून टाकायचो.

"मास्तर, धूळ पुसायला असते."

ते हसायचे. "पूस बाबा. उद्या पुन्हा बसेल. मीही पुन्हा काढीन."

मी एकदाही नीट पाहिलं नाही.

आता माझी चूक सांगतो.

आखाजीला आठ दिवस होते. हत्तीणीच्या भोंग्याचा रबरी फुगा फाटला. लढाई संपून पाच वर्षं झाली होती, तरी चांगलं रबर मिळत नव्हतं. मी खंडव्याला विचारलं, भुसावळला विचारलं. नाही.

शेठजी म्हणाले, "आखाजीला हत्तीण मुकी नको रे. कहीं से भी ला."

त्याच आठवड्यात चिमणी माझ्या शेडमध्ये होती. ब्रेकचं काम होतं. तिच्या भोंग्याला नवा फुगा होता. मास्तरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने तो मुंबईहून पाठवला होता.

मी तो काढला. हत्तीणीला बसवला. हत्तीणीचा फाटका फुगा पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवला, वरून काळं पॉलिश घासलं आणि चिमणीला लावला. दाबून पाहिला. वाजला.

मिस्त्रीलोकांत हे चालायचं. एकीचं काढायचं, दुसरीला लावायचं आणि मालकाला कळायच्या आत परत करायचं. जुन्या गाड्या तशाच जगतात. पण काढायचं ते मेलेल्या गाडीचं. चिमणी जिवंत होती.

पंधरा दिवसांत परत बसवू, असं मी मनात म्हटलं.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नदी ओलांडताना चिमणीने झकास ओ दिली. मी निर्धास्त झालो. मग ती आमराईबाहेर चार तास उन्हात उभी राहिली.

सोल्युशन उन्हात विरघळतं. हे मला माहीत होतं. मिस्त्री होतो मी.

परत निघालो तेव्हा एक वाजून गेला होता. शेठजींकडे दुपारच्या आगगाडीने पाहुणे यायचे होते. ते मागच्या सीटवर बसून सारखे घड्याळ बघत होते. सर्वात पुढे विनायकराव वकील, त्यांची गाडी दगा नावाचा ड्रायव्हर चालवायचा. मधे चार गाड्या. मग आमची हत्तीण. मागे चिमणी, एकटे मास्तर.

पात्रात एक मोठा काळा खडक आहे. वाट त्याला वळसा घालून येते. आम्ही खडक ओलांडून पाण्याच्या धारेपाशी आलो. वर राजघाटावरून दगाने हाक दिली.

एकेक ओ येत गेली. दोन. तीन. चार. पाच. मी भोंगा दाबला. सहा.

मग मी थांबलो.

मागून काही आलं नाही.

मी वळून पाहिलं. खडक. उन्हाने थरथरणारी हवा. वाळू.

"काय झालं?" शेठजी म्हणाले.

"मास्तरांची ओ नाही आली."

"येत असतील रे हळूहळू. त्यांची ती चिमणी. चल, टाईम हो गया."

मी आणखी थोडा थांबलो. फार नाही. शंभर आकडे मोजावेत इतका. मला फुग्याची आठवण झाली. मनात आलं, फुगा सुटला असेल. आता मागे फिरलो तर मास्तर भोंगा दाखवतील, शेठजी बघतील, सगळ्या मंडळींसमोर कळेल की उखर्डूने फुगा चोरला.

म्हणून मी भोंगा दोनदा दाबला.

सगळे आहेत. चला.

मास्तरांच्याच फुग्याने.

सहाही गाड्या गावात गेल्या.

पाचच्या सुमारास सुनंदाताई जिनिंगच्या फाटकाशी आल्या. डोक्यावरून पदर, हातात पाण्याचा तांब्या. त्यांनी विचारलं, "उखर्डूभाऊ, अण्णा इथे आहेत का?"

मी धावत सुटलो. माझ्यामागे दगा आणि आणखी दोघं. राजघाट उतरलो, धार ओलांडली, खडकाला वळसा घातला...

चिमणी तिथेच होती. मागची चाकं वाळूत आसापर्यंत रुतलेली. चाकांभोवती हाताने वाळू उकरल्याच्या खुणा. सणाचा दिवस, पात्रातल्या टरबुजाच्या वाडीतही कोणी नव्हतं. पाणी शे-दीडशे पावलांवर होतं, पण वाळू उकरून तेवढं चालण्याचंही बळ त्यांच्यात उरलं नसेल.

मास्तर स्टिअरिंगमागे बसले होते. उजवा हात भोंग्यावर. फुगा मुठीत दाबलेला. चिरेतून सोल्युशनचा काळा ओघळ त्यांच्या मनगटापर्यंत आला होता.

अंग अजून गरम होतं. पण ती उन्हाची गरमी होती.

दगाने आणि त्या दोघांनी मास्तरांना उचललं आणि काठाकडे नेलं. मी म्हटलं, मी गाडीचं बघतो.

मी आधी तो फाटका फुगा काढून खिशात घातला.

मग बॉनेट उघडायला पुढे गेलो. बॉनेटवर धूळ होती. धुळीत बोटाने काहीतरी काढलेलं होतं. वर थोडंसं. खाली एक लांब ओळ. वरच्या आकारावर विळ्यासारखा एक फटकारा होता, आणि त्याच्या खाली शेपटी. तेवढं डोळ्यात राहिलं.

आणि हात आपोआप गेला. बॉनेट उघडण्याआधी मिस्त्री फडकं मारतो. दहा-बारा वर्षं मारत आलो होतो.

पुसलं गेलं.

डॉक्टर म्हणाले, उन्हाचा झटका. स्मशानातून परतताना विनायकराव वकिलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"उखर्डू, तू दोनदा दाबलं होतंस. मी ऐकलं."

"हो साहेब. चिमणीने ओ दिली होती. मी ऐकली."

"मग त्यानंतर रुतली असेल बिचारी."

"हो साहेब."

बाराव्या दिवशी सुनंदाताईंनी हेच विचारलं. मी हेच सांगितलं. त्यांनी डोळे पुसले. म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही निघालात तोवर अण्णा बरे होते. मजेत भोंगा वाजवत होते. एवढं तरी बरं वाटतं."

नंतर त्याच म्हणाल्या, "ही गाडी गंजायला नको. तिचं जे ज्याला लागेल ते द्या. दुसऱ्यांच्या गाड्यांत तरी फिरू दे. पण हात तुम्हीच लावा. अण्णा दुसऱ्या कुणाला लावू देत नसत."

मी चिमणी सुटी केली. कार्ब्युरेटर एकाला, दिवे दुसऱ्याला, स्प्रिंगा तिसऱ्याला. टायर कुणाच्याच मापाचे नव्हते. ते माझ्या शेडमध्ये खिळ्याला टांगले. पितळी भोंगा सुनंदाताईंनी घरी ठेवून घेतला, फुग्याशिवाय.

चांगला फुगा हत्तीणीलाच राहिला.

पुढच्या आखाजीला सहा गाड्या निघाल्या. आता शेवटी हत्तीण होती. परत येताना दगाने घाटावरून हाक दिली. दोन, तीन, चार, पाच. मी भोंगा दाबला. सहा.

पुढच्या गाडीचा भोंगा दोनदा वाजला. संपलं.

मी गिअर टाकला.

आणि मागून आवाज आला...

पीं... पीं...

बारीक. खडकाच्या पलीकडून.

माझा पाय क्लचवरच राहिला. मागच्या सीटवर शेठजींनी डोळे उघडले.

घाटावर दगा गाडीतून उतरून उभा होता. एरवी चिमणीचा आवाज तिथवर जात नसे; त्या दिवशी गेला होता.

"उखर्डू, मागे कोण आहे रे?"

"कोणी नाही."

"मग ओ कोणी दिली?"

विनायकराव वकील म्हणाले, "दगा, खडकावर आवाज आपटून परत येतो. तुला इतकंही कळत नाही?"

"साहेब," दगा म्हणाला, "परत येतो तर आमचाच यायला पाहिजे ना? हत्तीणीचा आवाज गेला आणि चिमणीचा कसा आला?"

पण नेम तर होता. मागे कोणी असेल, तर त्याला एकटं टाकून जायचं नाही. सगळे उन्हात उभे राहिले. सगळ्यांची नजर खडकाकडे. अर्धा तास गेला.

कोणी आलं नाही.

शेवटी एकेक गाडी सुरू झाली. मागच्या वर्षी गेल्या होत्या, तशाच सहाही गाड्या पुन्हा मागे न बघता निघून गेल्या.

त्यानंतर मंडळी कमी होत गेली. खरं कारण कोणी सांगत नसे. एक म्हणाला, पेट्रोल परवडत नाही. एक म्हणाला, मुलांना नवी गाडी हवी. दोघांनी गाड्या विकून टाकल्या. गंमत अशी की मिस्त्रीपाशी सगळे खरं बोलतात. शेडमध्ये येऊन, आवाज खाली करून विचारायचे, "उखर्डू, यंदाही... वाजेल का रे?"

दरसाल वाजत होता.

त्रेपन्न साली तीनच गाड्या होत्या. त्या वर्षी ओ फार जवळून आली. खडकाच्या अलीकडून. मी उतरलो आणि मागे चालत गेलो.

वाळूवर हत्तीणीच्या रुंद चाकोऱ्या होत्या.

त्यांच्यावरून... दोन अरुंद चाकोऱ्या आल्या होत्या.

हत्तीणीनंतर आलेल्या.

डाव्या चाकोरीत प्रत्येक फेऱ्याला एक आडवा ठसा. चिमणीच्या डाव्या मागच्या टायरला मी कातड्याचं ठिगळ घातलं होतं. तिथे टायर फुगायचा. तो ठसा माझ्या हातचा होता. तो टायर माझ्या शेडमध्ये खिळ्याला होता. सकाळीच मी त्याखालून निघालो होतो.

चाकोऱ्या हत्तीणीच्या मागे हातभर अंतरावर येऊन थांबल्या होत्या.

मी पायाने पुसून टाकल्या. वर जाऊन सांगितलं, काही नाही.

बघा, माझं आयुष्य पुसण्यातच गेलं.

छप्पन्न सालच्या शेवटी राज्यं नव्याने आखली गेली. नागपूर आमच्यातून गेलं, भोपाळ राजधानी झाली. विनायकराव वकिलांचे दोन्ही मुलगे नागपूरला होते. तेही बिऱ्हाड घेऊन तिकडेच गेले. जाताना गाडी इथल्या भंगारवाल्याला दिली. दगाने तीन दिवस तोंड दाखवलं नाही.

सत्तावन्नच्या आखाजीला हत्तीण एकटी निघाली.

शेठजी थकले होते. मी म्हटलं, "शेठजी, राहू द्या यंदा. कोण आहे आता?"

"मी आहे ना रे. चल."

आमराईत आम्ही दोघांनी बट्ट्या खाल्ल्या. पत्ते आणले होते, ते काढलेच नाहीत. दुपारी परत निघालो. मी गाडी न थांबवता राजघाटावर चढवली.

"थांब," शेठजी म्हणाले. "हाक दे."

"मागे कोणीच नाही शेठजी."

"नेम आहे. पहिली गाडी आपली. हाक दे."

मी इंजिन बंद केलं. भोंगा दाबला. हाक पात्रावरून गेली.

काही नाही.

एक टिटवी ओरडली, ती गप्प झाली.

मी हात खाली घेतला. दोन्ही हात मांडीवर. आणि मग शेठजींनी माझा खांदा धरला. ते भोंग्याकडे बघत होते.

फुगा... हळूहळू आत जात होता.

कोणी मुठीत धरून दाबावा तसा. रबरावर चार बोटांचे खळगे पडले. एका बाजूला अंगठ्याचा. पूर्ण दाबला गेला.

आवाज झाला नाही.

हत्तीणीचा भोंगा गप्प होता. आणि त्याच क्षणाला खाली वाळूतून, खडकापासून...

पीं...

फुगा सुटला. भरला. पुन्हा चार बोटं रुतली.

पीं...

दोनदा.

सगळे आहेत. चला.

शेठजींचा हात अजून माझ्या खांद्यावर होता, बर्फासारखा. ते फार हळू बोलले.

"उखर्डू. हा फुगा कुठला?"

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी वाट बघत होतो की काय, कोण जाणे. शब्द अगदी तोंडाशी आले.

"खंडव्याहून आणला होता शेठजी."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात काढून घेतला.

"चल घरी," एवढंच म्हणाले.

हत्तीण त्यानंतर आवाराबाहेर निघाली नाही. तिच्यावर ताडपत्री पडली. शेठजी माझ्याशी नीट वागत राहिले, पण माझ्या गाडीत पुन्हा बसले नाहीत. कुठे जायचं तर टांगा बोलवायचे. जुन्या गाड्यांची मंडळी संपली. लोक म्हणाले, काळ बदलला.

मीही तेच म्हणायचो.

मी तो फुगा रात्री नाही, भर दिवसा काढला आणि तापीत सोडला. त्याने काही झालं नाही.

आमच्याकडे आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात. जितके गेलेले, तितक्या घागरी. मातीची घागर, वर छोटं मडकं, वर डांगर, म्हणजे खरबूज. मी पन्नासनंतरच्या प्रत्येक आखाजीला एक घागर जास्त भरत आलो.

माझी बायको भागाबाई मोजायची. "अहो, आपल्यातले गेले तीन. घागरी चार कशा?"

"असू दे. कोणी तहानलेला असेल."

"कोण?"

मी घागरीवर मडकं ठेवत राहायचो. ती चिडायची. "सांगायचं नाही तर भरायची कशाला? पाणी मीच आणते ना डोक्यावरून!"

ती चौथी घागर दुपारी दीडच्या सुमाराला कोरडी व्हायची. बाकीच्या तीन काठोकाठ. भागाबाई म्हणायची, गळकी असेल. मी दरसाल नवी आणायचो.

आणि दरसाल आखाजीला सुनंदाताई मला फराळाला बोलवायच्या. लग्न केलं नव्हतं त्यांनी. भिंतीवर मास्तरांचा फोटो, फोटोखाली तो पितळी भोंगा, घासून लखलखीत. बशी पुढे ठेवून त्या म्हणायच्या, "सांगा ना उखर्डूभाऊ. अण्णांनी त्या दिवशी कशी ओ दिली होती?"

आणि मी सांगायचो. पीं... पीं... अशी, ताई. मजेत होते.

त्यांचा चेहरा उजळायचा. तो चेहरा बघून मी दरसाल ठरवायचो, पुढच्या वर्षी सांगू.

एक्क्याण्णव साली गावात म्हाताऱ्यांसाठी अक्षरवर्ग निघाला. शिकवायला अलका नावाची मुलगी होती, फार गोड बोलायची. आम्ही दहा-बारा जण. ती म्हणाली, "बाबा, आधी प्रत्येकाने आपलं नाव शिकायचं."

तिने माझ्या पाटीवर माझं नाव लिहिलं.

मी पाटीकडे पाहिलं...

वर विळ्यासारखा फटकारा. खाली शेपटी.

"बाबा? काय झालं? पाणी देऊ?"

चाळीस वर्षं तो आकार माझ्या डोळ्यात होता. मी त्याला आकारच समजत होतो. ते माझं नाव होतं. तहानेने जीव जात असताना मास्तर गाडीतून उतरले, पुढे आले, धुळीत त्यांनी माझं नाव लिहिलं आणि परत जाऊन भोंग्यापाशी बसले.

त्यांनी फुगा ओळखला होता का? ओळखला असेल. पॉलिश बोटांना लागलं असेल. की त्यांना वाटलं, उखर्डू येईल, तोच येईल, म्हणून त्यांनी मला हाक मारली? की रोजच्यासारखं नुसतं शिकवत होते?

खाली एक लांब ओळ होती. तिच्यात ते असणार. ती ओळ मी खूप आठवून पाहिली. रात्री आठवतो, दिवसा आठवतो. आता मला सगळी अक्षरं येतात, जोडाक्षरंसुद्धा. पण ती ओळ आठवत नाही. माझं फडकं तेवढं आठवतं.

त्या वर्षी मी ठरवलं, आता सांगायचंच. आखाजीला ताईंकडे गेलो. त्या वाकल्या होत्या, कमी ऐकू यायचं. बशी ठेवली. म्हणाल्या, "सांगा ना उखर्डूभाऊ."

मी तोंड उघडलं.

फोटोखालच्या भोंग्यातून, फुगा नसलेल्या भोंग्यातून, अगदी हळू...

पीं...

ताई हसल्या. "काय म्हणालात? जरा मोठ्याने."

मी म्हणालो, "मजेत होते ताई. अशीच ओ दिली होती."

त्यांनी तो आवाज ऐकला की नाही, मला माहीत नाही. त्या आवाजाने मला थांबवलं की सांग म्हणून सांगितलं, तेही माहीत नाही.

आता तापीवर पूल आहे. पुलावरून दिवसभर गाड्यांचे हॉर्न वाजतात. तरी आखाजीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी घराबाहेर पडत नाही. कानात बोटं घालूनही बसत नाही. ते मला बरोबर वाटत नाही. मी ऐकत बसतो. यंदाची घागर भरून झाली आहे.

दिगंबर मास्तर आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, सन एकोणीसशे पन्नास साली, दुपारी तापीच्या वाळूत वारले. सुकलालशेठ एकोणसाठच्या श्रावणात वारले. भागाबाई अठ्ठ्याण्णव साली गेली. सुनंदाताई दोन हजार तीन सालच्या पौषात वारल्या. मी त्यांना सांगितलं नव्हतं.